फ्लॉपीतला सातबारा

खुलताबाद तालुक्यातल्या जमिनीची जुनी मालकी शोधायची तर एका लिपीवर भागत नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; त्या काळातले महसुली कागद उर्दूत, काही मोडीत. त्यानंतरचे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, मग सातबारा. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची गरज पडली.

संगणकावरच्या दप्तराचे घोडेही तिथेच अडते.

भूमी अभिलेखांचे संगणकीकरण केंद्राने १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक सुरू केले. महाराष्ट्रातून वर्धा निवडला होता. डॉसवर चालणाऱ्या यंत्रात देवनागरी उमटवायला त्या काळी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवत. पुढे विंडोजबरोबर श्रीलिपी, आकृती असे फाँट आले आणि प्रत्येकाने अक्षरांना आपापले संकेत दिले.

तेव्हाची फ्लॉपी कपाटात सापडली तर ती घाईने ड्राइव्हमध्ये सारू नये. ड्राइव्हचे हेड चकतीला टेकूनच वाचते. चकतीवर बुरशी असेल तर चुंबकीय थर खरवडला जातो आणि मजकूर कायमचा जातो. आधी चकती स्वच्छ करायची, मग तिच्यावरच्या चुंबकीय खुणा जशाच्या तशा टिपून घ्यायच्या. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर.

फाइल उघडली तरी मूळ फाँट नसेल तर पडद्यावर उच्चारचिन्हे लावलेली रोमन अक्षरे दिसतात. सातबाऱ्यावरचा ‘वर्ग’ घ्या. अशा फाँटमध्ये रफार ‘ग’नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये ‘र’ आधी येतो. ‘शिवार’मधली वेलांटी फाँटमध्ये ‘श’च्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. रूपांतर करणारा प्रोग्राम इथे चुकला की खातेदाराचे नाव बदलते, आणि त्याला महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीसाठी तहसीलचे उंबरे झिजवावे लागतात.

इंग्लंडमध्ये १०८६ च्या जमीन पाहणीचे ‘डूम्सडे बुक’ आजही वाचता येते. तिच्या नवशेव्या वर्षी, १९८६ मध्ये, बीबीसीने लेसर डिस्कवर नवे डूम्सडे काढले. ती डिस्क वाचणारी यंत्रे पंधरा वर्षांतच दुर्मीळ झाली. मग त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम लिहून मजकूर सोडवावा लागला.

म्हणून तालुक्याच्या अभिलेख कक्षात जुन्या फ्लॉपीबरोबर तिचा फाँट आणि रूपांतराचा तक्ताही जपायला हवा. युनिकोडमध्ये आलेली प्रत्येक नोंद शेवटी मूळ कागदाशी, नावानिशी ताडून पाहावीच लागते.