पागडीची खोली: मालक कोण?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग इथल्या चाळींचा इतिहास आपण बहुधा गिरण्या, गणेशोत्सव आणि संप यांच्या अंगाने सांगतो. आज एक वेगळाच प्रश्न घेऊ. चाळीतल्या खोलीचा मालक कोण? मुंबईतल्या घरांच्या फसवणुकीचं मूळ बरंचसं या प्रश्नाच्या अर्धवट उत्तरात आहे.

ताबा वेगळा आणि मालकी वेगळी, हा भेद रोमन कायद्याइतका जुना. मुंबईत 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने तो टोकाला गेला. भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली गेली. हेतू वाईट नव्हता. युद्ध होऊन गेलेलं, फाळणी आलेली, माणसांचा लोंढा आणि घरं अपुरी. पण भाडं गोठलं तरी महागाई गोठली नाही. खोलीची खरी किंमत आणि पावतीवरचा आकडा यांत जी दरी पडली, तिच्यात पागडी फोफावली.

पागडी म्हणजे काय, तर भाडेकरू होण्यासाठी एकरकमी मोजलेले पैसे. जुना भाडेकरू नव्याकडून रक्कम घेई, घरमालकाला त्यातला वाटा मिळे आणि भाडेपावती नव्याच्या नावावर होई. आता बघा, अशी रक्कम घेणं 1947 च्या कायद्याने गुन्हा होता. म्हणजे माणूस आयुष्याची कमाई ज्या व्यवहारात घालत होता, त्याचा कागदच होत नव्हता. मग एकच खोली दोघांना देणारे निघाले, पैसे घेऊन पावती नावावर न करणारे निघाले, आणि बापाने दिलेला शब्द नाकारणारे वारसही निघाले.

1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याच्या कलम 56 ने पागडी कायदेशीर केली, आणि कलम 55 ने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं. वास्तव मान्य करायला कायद्याला अर्धशतक लागलं.

घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती होईना, इमारती कोसळू लागल्या. म्हणून 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं आणि उपकर बसला. अशा उपकरप्राप्त इमारती होत्या 19,642. पुढे 1986 मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण आलं. 70 टक्के रहिवासी तयार असतील, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत इमारत त्यांच्या सहकारी संस्थेसाठी संपादित करता येईल, अशी ती तरतूद. मालक न्यायालयात गेले. 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. हे तत्त्व झालं. आठ-अ प्रकरणाच्या वैधतेचा निवाडा मात्र त्या पीठाने केला नाही.

फ्लॅट विकत घेणाऱ्याला 1963 च्या मोफा कायद्याने संरक्षण दिलं, पुढे 2016 च्या रेरा कायद्याने. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवणं विकासकाला भाग पडलं. पण पुनर्विकासातला जुना भाडेकरू काही विकत घेत नाही, तो आपली राहती खोली सोडून बाहेर पडतो. ग्राहकाला मिळणारी ढाल त्याच्या हाती सहजासहजी येत नाही. गोरेगावच्या पत्रा चाळीतली 672 कुटुंबं अशीच घराबाहेर पडली आणि वर्षानुवर्षं वाट पाहत राहिली.

म्हणून आपण काय लक्षात ठेवायचं? संमतीपत्र कोरं सोडून सही करायची नाही. करार नोंदवायचा. पर्यायी जागेचं क्षेत्रफळ, तोवरचं भाडं आणि मुदत त्यात लिहून घ्यायची. मालमत्तापत्रक स्वतः काढून बघायचं. केवळ मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय. आणि जुन्या भाडेपावत्या रद्दीत टाकायच्या नाहीत. ज्या घरात दुसरा कागद नाही, तिथे आजोबांच्या नावाची ती पिवळी पावती हाच आपला पुरावा असतो.