दुर्बिणीच्या तारा: वजनाच्या घड्याळापासून यूएसबीपर्यंत

दुर्बिणीच्या माउंटला संगणकाशी जोडणारी केबल अलीकडची असली, तरी ज्या गरजेतून ती आली ती गरज दोनशे वर्षांची आहे. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती फिरते, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. शंभरपट वर्धन करणाऱ्या दुर्बिणीतून तो दोनेक मिनिटांत निसटून जातो. छायाचित्र घ्यायचे तर तो काही विकलासुद्धा हलता कामा नये. म्हणून दुर्बीण ज्यावर बसते त्या माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखतात आणि तो पृथ्वीच्या उलट दिशेने तिच्याच वेगाने फिरवतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीत ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर दिसतो, पुण्यात साडेअठरा अंशांवर. अक्षाचा कलही तेवढाच ठेवावा लागतो.

हा अक्ष फिरवण्याचे काम प्रथम घड्याळाने केले. जर्मन भिंगकार योसेफ फ्राउनहोफर याने १८२४ साली दोर्पात वेधशाळेसाठी केलेल्या दुर्बिणीला घड्याळाची चाल जोडली होती. वजन हळूहळू खाली उतरे, त्याचा वेग नियंत्रक आवरून धरी आणि दात्यांच्या चाकांमधून ती गती ध्रुवाक्षाला मिळे. महाराष्ट्रात हे तंत्र १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून तेथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली, प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख झाले आणि डब्लिनच्या ग्रब कारखान्यातली मोठी परावर्ती दुर्बीण तेथे बसली. १९१२ मध्ये वेधशाळा बंद पडल्यावर ती दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यासारख्या शहराने आपली एवढी मोठी दुर्बीण जाऊ दिली, ही राज्याच्या विज्ञानाच्या इतिहासातली दुःखद नोंद आहे.

घड्याळाच्या चालीची खरी कसोटी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लागली. छायेचा पट्टा विजयदुर्गाजवळून शिरून सोलापूरकडच्या जेऊरवरून वर्धा-अमरावतीकडे गेला. जेऊरला नायगमवाला यांची तुकडी होती, शिवाय अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही होते. पुलगावला ब्रिटिश निरीक्षक कॅप्टन हिल्स आणि न्यूऑल सूर्याचा वर्णपट टिपण्याच्या तयारीने बसले होते. पुलगावलगतच्या तळणी स्थानकाजवळ ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा तळ पडला. त्यात एडवर्ड आणि अ‍ॅनी माँडर हे दांपत्य होते. अ‍ॅनी माँडर यांनी दीड इंची भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्यकिरीटाचा लांबच लांब झोत टिपला. कॅम्पबेल यांनी आणलेला कॅमेरा ४० फूट लांब होता. एवढी नळी सूर्यामागे फिरवणे अशक्यच, म्हणून भिंग जागेवर ठेवून मागची काचपट्टीच घड्याळाच्या चालीने सरकवली गेली. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास टिकणार होती. तेवढ्यात घड्याळ अडखळले असते तर महिन्यांची तयारी वाया गेली असती. पट्ट्याच्या दक्षिणेला राहिलेल्या, आज झरी जामणी तालुक्यात मोडणाऱ्या पैनगंगेकाठच्या मुलखात ग्रहण खंडग्रास होते.

या मुलखात आकाश पाहणे मात्र दुर्बिणीची वाट बघत थांबलेले नव्हते. संशोधक मयंक वाहिया, गणेश हलकारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ आणि २०१४ मध्ये गोंड, बंजारा आणि कोलाम समाजांच्या आकाशज्ञानाचे अभ्यास प्रसिद्ध केले. सप्तर्षीच्या चार ताऱ्यांत बाज पाहणारी ही परंपरा नुसत्या डोळ्यांची आहे. हौशी निरीक्षकांना अभ्यासता यावा असा तो ठेवा आहे, आणि झरी जामणीत कोलाम वस्ती असल्याने तो येथे शेजारीच आहे.

स्वातंत्र्यापूर्वी, १९४४ मध्ये पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी खगोलनिरीक्षणाला घर मिळाले. १९८६ च्या हॅले धूमकेतूने या छंदाला गर्दी मिळवून दिली. आरसा स्वतः घासायचा, नळी सुताराकडून करून घ्यायची आणि दुर्बीण हाताने ढकलत तारा धरायचा, अशी बहुतेकांची रीत होती. त्यात केबलचा संबंधच नव्हता. मोठ्या संस्था वेगळ्या वाटेने गेल्या. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटीच्या ३० रेडिओ दुर्बिणींपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे, आणि केंद्रातून प्रकाशतंतूंवरून गेलेल्या आज्ञांनी त्या वळतात. पुण्याच्या आयुका या संस्थेची गिरवली येथील २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून संगणकाच्या आज्ञेवर चालते.

सामान्य हौशी माणसाच्या माउंटपर्यंत संगणक पोहोचला तो सीरियल पोर्टमधून. या पोर्टमागचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये दूरसंदेश यंत्रे जोडण्यासाठी ठरले आणि १९६९ मध्ये त्याची ‘सी’ आवृत्ती आली. १९८४ च्या आयबीएमच्या एटी संगणकाने नऊ पिनांचा जोड रूढ केला. १९९२ मध्ये मीड कंपनीने एलएक्स-२०० दुर्बीण आणली. तिच्या आज्ञांची छोटी भाषा पुढे इतर उत्पादकांनीही उचलली, आणि नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ताऱ्यावर टिचकी मारली की दुर्बीण तिकडे वळू लागली. १९९८ मध्ये बॉब डेनी यांनी सुरू केलेल्या अ‍ॅस्कॉम या मानकामुळे विंडोजवर वेगवेगळ्या माउंटशी एकाच पद्धतीने बोलता आले. लिनक्सवर ते काम इंडीने केले.

या बोलण्याला फार थोडे लागते. बहुतेक माउंट सेकंदाला ९६०० बिट्स एवढ्या संथ वेगावर चालतात. एक तार पाठवायला, एक ऐकायला आणि एक जमिनीची, एवढ्या तीन तारांत सगळा व्यवहार होतो. तारा धरून ठेवण्याची अचूकता माउंटच्या वर्म गिअरमधून आणि मोटरमधून येते. केबल फक्त निरोप नेते. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेल्या, जाड आवरणाच्या महागड्या केबलने दुर्बीण तसूभरही चांगली चालत नाही. तीन तारा बरोबर जोडलेली साधी केबल पुरेशी असते. पैसे मोजायचे ते जुळणीसाठी.

कारण गोंधळ जुळणीतच आहे. आरएस-२३२ मध्ये संकेत धन आणि ऋण अशा दोन्ही व्होल्टेजचे असतात, ३ ते १५ व्होल्टपर्यंत. माउंटच्या आतल्या सर्किटला मात्र शून्य ते ५ किंवा ३.३ व्होल्टच सोसतात. सेलेस्ट्रॉन आणि स्काय-वॉचर यांच्या जुन्या हँडसेटना, म्हणजे माउंटच्या हातात धरायच्या नियंत्रकांना, खालच्या टोकाला टेलिफोनसारखा जोड असतो. तेथे आरएस-२३२ ची केबल चालते, कारण व्होल्टेज बदलण्याचे काम हँडसेट करतो. हँडसेट बाजूला ठेवून संगणक थेट माउंटला जोडायचा असेल, तर व्होल्टेज बदलणारी वेगळी केबल लागते. हौशी मंडळी तिला ईक्यूडीआयआर म्हणतात. जुन्या ईक्यू-६ माउंटवर हँडसेटचा जोड नऊ पिनांचाच होता, दिसायला थेट सीरियल पोर्टसारखा. त्यात साधी सीरियल केबल खुपसली तर माउंटचे सर्किट जळू शकते. टेलिफोनच्या तयार तारेत दोन्ही टोकांचा क्रम उलटा असतो, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आकार जुळला म्हणजे केबल जुळली, हा समज सर्वांत महागात पडतो.

यूएसबी १९९६ मध्ये आले आणि पुढच्या दशकात लॅपटॉपवरून सीरियल पोर्ट गेला. मग यूएसबीचे सीरियल करणारे अ‍ॅडॅप्टर अपरिहार्य झाले, आणि केबलची किंमत तिच्यातल्या छोट्या चिपवर ठरू लागली. एफटीडीआय आणि प्रोलिफिक या कंपन्यांच्या चिप सर्वत्र पसरल्या, त्यांच्या नकलाही निघाल्या. २०१४ मध्ये एफटीडीआयच्या एका ड्रायव्हरने नकली चिप निकामी केल्या. प्रोलिफिकच्या नव्या ड्रायव्हरने जुन्या चिप नाकारल्याने ‘कोड १०’ चा दोष कुप्रसिद्ध झाला. स्वस्त सीएच-३४० चिप विंडोजवर आणि लिनक्सवर सहसा चालून जाते. कमी पैशांत काम भागवायचे तर तिचा विचार जरूर करावा, मात्र ती व्होल्टेज बदलते की नाही हे आधी तपासावे.

झरी जामणीसारख्या ठिकाणी केबल आडरात्री तुटली तर उपाय जवळ नसतो. विदर्भात अशा जोडण्यांचा माल नागपूरच्या सीताबर्डीत मिळतो, राज्यात इतरत्र पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. टेलिफोनसारखे आरजे जोड, क्रिंपिंगचा चिमटा आणि काही मीटर तार जवळ असेल तर तीन तारांची केबल घरीच करता येते. मल्टिमीटरने प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत तपासली की ती भरवशाची होते. लांबीची मर्यादाही पाळावी लागते: यूएसबी २.० ची तार ५ मीटरपर्यंत, आरएस-२३२ ची सुमारे १५ मीटरपर्यंत. त्यामुळे संगणक खोलीत आणि दुर्बीण गच्चीवर असेल, तर यूएसबीचे अंतर कमी ठेवून सीरियलची तार लांब घेणे स्वस्त पडते.

आता नव्या हँडसेटवर यूएसबीचा जोड थेट येतो आणि वेगळ्या अ‍ॅडॅप्टरची गरज उरत नाही. जुने माउंट विकत घेणाऱ्याने मात्र केबल मागवण्यापूर्वी माउंटच्या पुस्तिकेतील पिनांची आकृती आणि व्होल्टेज पाहावे.