हृद्‌स्नायू अतिवृद्धीतील हिस्टोन डीअॅसिटिलेज विकरे

हिस्टोन प्रथिनांवरील अॅसिटिल गट काढून जनुकांची अभिव्यक्ती नियंत्रित करणारी व हृद्‌स्नायूच्या वाढीवर प्रभाव टाकणारी विकरे (पहा : विकरे, हिस्टोन).

दीर्घकालीन उच्च रक्तदाब किंवा झडपांच्या विकारामुळे भार वाढल्यास हृद्‌स्नायूपेशी सहसा संख्येने वाढत नाहीत, आकाराने वाढतात; यालाच अतिवृद्धी म्हणतात. त्यावेळी गर्भावस्थेतील काही जनुके पुन्हा कार्यरत होतात.

या वाढीवर हिस्टोन डीअॅसिटिलेज विकरांचे नियंत्रण असते. त्यांपैकी वर्ग दोनमधील विकरे (क्रमांक ४, ५, ७, ९) पेशीकेंद्रकात एमईएफ२ या प्रतिलेखन घटकाला बांधून वाढीची जनुके दाबून ठेवतात. ताणाच्या संकेतामुळे कॅल्शियम-अवलंबी व अन्य कायनेज विकरे त्यांना फॉस्फेट गट जोडतात. त्यामुळे ही डीअॅसिटिलेज विकरे केंद्रकाबाहेर जातात, एमईएफ२ मोकळा होतो आणि अतिवृद्धी सुरू होते. विकर ९ नसलेल्या उंदरांची हृदये ताणाला अतिसंवेदनशील असल्याचे संशोधक एरिक ओल्सन यांच्या गटाने २००२ मध्ये दाखविले. वर्ग एकमधील विकर २ मात्र वाढीस पोषक ठरते. म्हणून वर्गभेद न पाहता काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो.

ट्रायकोस्टॅटिन-ए या हिस्टोन डीअॅसिटिलेज निरोधकाने उंदरांतील अतिवृद्धी घटते.