आडनावांतले गॉथ

रॉड्रिग्ज, फर्नांडिस, गोन्साल्विस ही गोमंतकीय आडनावे आपण सहज ‘पोर्तुगीज’ म्हणून बाजूला ठेवतो. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक खरी. ही नावे मात्र लॅटिन नव्हेत. इ. स. ४०९ मध्ये आयबेरियात शिरलेले स्वेबी आणि मागून आलेले व्हिसिगॉथ या जर्मानिक टोळ्यांचा तो ठेवा आहे. ‘रॉड्रिगो’त ‘ह्रोद’ म्हणजे कीर्ती आणि ‘रिक’ म्हणजे सत्ताधीश. ‘गोन्सालो’तील ‘गुंद’ म्हणजे युद्ध. ‘फर्नांदो’च्या उत्तरार्धात धाडस. अखेरचा ‘एस’ ‘अमक्याचा पुत्र’ एवढेच सांगतो.

गॉथांची भाषा विरली. ७११ साली राज्यही कोसळले. त्या पराभूत राजाचे नाव रॉड्रिगोच होते. नावे उरली, कारण राज्यकर्त्यांची नावे प्रजेनेही उचलली होती. १५१० नंतर तीच मांडवीकाठी आली आणि बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री वा धर्मपित्याकडून गोमंतकीय कुटुंबांना मिळाली. देणाऱ्यालाही त्यांचा मूळ अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

‘साबण’ आपल्याकडे अरबी-फारसीतून आला की पोर्तुगीजांकडून, यावर वाद घालता येईल. दोन्ही वाटा लॅटिन ‘सापो’पाशी मिळतात, आणि तो शब्दही जर्मानिक भाषांतून उचललेला मानला जातो. साबणाला आपण परका म्हणत नाही. मग आडनावापाशीच आपली व्युत्पत्ती एवढी कठोर का होते? कोशातला अर्थ योद्ध्यांचा असेल. पण साष्टीतल्या शेतकरी घराने पिढ्यान्‌पिढ्या वागवलेले नाव त्या घराचेच होय, असे आम्हांस वाटते.