सीमेवरचा तालुका आणि निधीचा वाटा



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मी हुमनाबादच्या मातीतलाच विषय निवडला आहे. शेती व ग्रामविकासाच्या सरकारी निधीत मागास भागाचा वाटा कोणी आणि कसा ठरवायचा, हा तो विषय होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपुष्टात आले आणि जुन्या बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेडकडील भाग आंध्र प्रदेशात. हुमनाबाद, भालकी, औराद आणि बीदर म्हैसूर राज्यात आले. निजामी राजवटीचा वारसा तिन्ही भागांना एकच होता. मुंबई राज्यात गेलेल्या भागाच्या हाती निधीविषयीचे एक आश्वासन होते.

हे आश्वासन म्हणजे २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, देवीसिंह चौहान आदी नेत्यांनी एकत्र येण्यापूर्वीच वाटणीची बोलणी केली. खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष द्यावे आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे यावा, असे त्यात ठरले. पुढे संविधानाच्या कलम ३७१ मध्ये मराठवाडा व विदर्भासाठी विकास मंडळांची तरतूद झाली. उदगीर या छत्राखाली आले. हुमनाबाद बाहेर राहिले.

अर्थात, छत्र असूनही पाऊस चुकला नाही. १९८४ साली दांडेकर समितीने महाराष्ट्राचा अनुशेष मोजला, तो ३१८६.७८ कोटी रुपये भरला. त्यात मराठवाड्याचा ७५०.८५ कोटींचा. बाबवार पाहता सर्वांत मोठी तूट सिंचनाची, म्हणजे थेट शेतकऱ्याच्या बांधावरची. विकास मंडळे प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये, कराराला एक्केचाळीस वर्षे झाल्यावर! २०२० साली त्यांची मुदत संपली.

आपल्याकडे हा प्रवास उशिरा सुरू झाला. धरमसिंग समितीने १९८१ मध्ये हैदराबाद-कर्नाटकाच्या मागासलेपणाची चिकित्सा केली, १९९१ साली विकास मंडळाचा कायदा झाला. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ साली तालुकानिहाय मोजणी केली, तेव्हा कर्नाटकातील ३९ अतिमागास तालुक्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागात निघाले. हुमनाबादही त्यांतच होते. समितीने आठ वर्षांत ३१,००० कोटी रुपये खर्चण्याची शिफारस केली. पैकी १६,००० कोटी जादा तरतुदीचे आणि उरलेले नेहमीच्या अंदाजपत्रकातून. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. मागासांना द्यायचा जादा पैसा नेहमीच्या वाट्याची जागा घेऊ लागला, तर शेतकऱ्याच्या पदरात नवे काहीच पडत नाही. फक्त कागदावरचा रकाना बदलतो.

वैजनाथ पाटील यांच्यासारख्यांनी दीर्घकाळ लढा दिल्यावर २०१२ साली संसदेने ९८वी घटनादुरुस्ती केली आणि कलम ३७१(ञ) आले. त्यामुळे दिल्लीहून पैसा येतो, असा समज आपल्या गावांतून ऐकू येतो. कलमात केंद्राने अमुक रक्कम द्यावी, असे कोठेही नाही. राज्याच्याच विकासखर्चाची न्याय्य वाटणी, स्थानिकांना शिक्षण व नोकऱ्यांत आरक्षण आणि स्वतंत्र विकास मंडळ, एवढेच त्यात आहे. घासाघीस बंगळूरशीच करावयाची, आणि तीही दरवर्षी.

मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, अशी अटही त्या कलमात आहे. नागपूर कराराने मराठवाड्यासाठी हीच अट एकोणसाठ वर्षांपूर्वी घातली होती.