रुग्णदुपटीचे दिवस आणि नैसर्गिक लॉगॅरिदम

२०२० च्या करोना साथीत मुंबई महापालिका प्रत्येक विभागाचे दोन आकडे रोज प्रसिद्ध करीत असे. एक, रुग्णवाढीचा सरासरी दैनिक दर आणि दुसरा, रुग्णसंख्या दुप्पट होण्यास लागणारे दिवस. दादर-माहीम-धारावीचा 'जी उत्तर', परळ-लालबागचा 'एफ दक्षिण', गिरगावचा बराचसा भाग सामावणारा 'डी' या विभागांची तुलना याच आकड्यांवर होई. पहिल्यावरून दुसरा आकडा निघतो तो घातांकी समीकरण सोडवून.

दर १ टक्का असेल तर आजचे १०० रुग्ण उद्या १०१ होतात आणि परवाची वाढ त्या १०१ वर मोजली जाते. हिशेब चक्रवाढ व्याजाचाच. 'न' दिवसांत दुप्पट व्हायची असेल तर १.०१ चा 'न' वा घात २ असला पाहिजे. अज्ञात संख्या घातांकाच्या जागी असल्याने साध्या भागाकाराने ती हाती लागत नाही. दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे सुमारे २.७१८ या पायाचा, घेतला की घातांक खाली उतरून गुणक होतो:

न × लॉग १.०१ = लॉग २
न = ०.६९३१ ÷ ०.००९९५ = सुमारे ७० दिवस

पाया १० घेतला तरी उत्तर तेच येते. मात्र दर लहान असताना नैसर्गिक लॉगॅरिदम जवळजवळ त्या दराइतकाच असतो. म्हणूनच ७० ला टक्क्यांनी भागण्याची तोंडी रीत चालते. बँकेतील ठेवीसाठी सांगितला जाणारा ७२ चा नियम तिचाच भाऊबंद.

दर ५ टक्के झाला की हे दिवस १४ वर येतात आणि १० टक्क्यांना जेमतेम ७. नव्या खाटांची सोय करणाऱ्या रुग्णालयासाठी हा फरक मोठा. ४०० रुग्णांचे १,००० कधी होतील, हेही असेच काढता येते: ५ टक्के दराने लॉग २.५ भागिले लॉग १.०५, म्हणजे सुमारे १९ दिवस.

मात्र हे समीकरण दर स्थिर असेपर्यंतच खरे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या प्लेगमृत्यूंचे साप्ताहिक आकडे केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ च्या गाजलेल्या शोधनिबंधात वापरले. तो आलेख आधी चढतो, मग वाकून उतरतो. लागण होऊ शकेल अशी माणसे कमी होत गेली की सगळी माणसे संपण्याआधीच साथ ओसरते, असे त्यांचे गणित सांगते.