आगळ, कोयंडा आणि कुलपाची खाच

आपल्या माहीमचा इतिहास म्हटला की महिकावतीची बखर आठवते, 1739 ची चिमाजी अप्पांची मोहीम आठवते. तो इतिहास गुरुजनांनी आपल्याला वर्गात शिकवला. गावातल्या दारांचाही एक इतिहास आहे. तो मी एका सुतारकाकांच्या हाताखाली शिकलो. या स्मरणिकेत त्याची नोंद राहावी, म्हणून हा लेख.

वाडीतल्या जुन्या घरांची दारे आठवून पाहा. सागाच्या जाड फळ्या, दोन झडपा, आतून आगळ आणि बाहेरून कडी-कोयंडा. घर सहसा रिकामे नसे. कर्ते माणूस पानवेलीत किंवा नारळीच्या वाडीत असले, तरी ओटीवर आजी असायचीच. कोयंड्याला टाळे लागे ते सगळे कुटुंब लग्नाला किंवा यात्रेला गेले तरच.

पुढे गावाचा दिनक्रम बदलला. 1860 च्या दशकात रेल्वे आली आणि मुंबईची नोकरी आवाक्यात आली. 1969 मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, त्यामागून बोईसरला कारखाने आले. घरातली माणसे वेगवेगळ्या पाळ्यांना बाहेर पडू लागली. प्रत्येकाला आपली किल्ली हवी झाली आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून उघडेल असे कुलूप हवे झाले. असे कुलूप दाराच्या जाडीत, आतच बसवावे लागते. सुतार त्याला ‘मॉर्टिस’ म्हणत.

कुलपाची विद्या जुनीच होती. रॉबर्ट बॅरन यांनी इंग्लंडमध्ये 1778 साली लिव्हरच्या कुलपाचे पेटंट घेतले. आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. कुलूप खोक्यातून तयार येई, पण त्याची खाच खोक्यातून येत नसे. ती दारातच, हाताने पाडावी लागे.

दहावीच्या निकालाची वाट पाहत असताना मी हे काम शिकलो. काका आपल्याच एका वर्गमित्राचे वडील. त्यांचा पहिला नियम होता, “आधी कुलूप मोज, मग दार मोज, पटाशी शेवटी.” दार साधारण 35 मिलिमीटर जाड, कुलपाची पेटी 15-16 मिलिमीटरची. म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर लाकूड उरणार. खाच एका अंगाला सरकली, तर किल्ली फिरवता फिरवता दार चिरणार.

दाराच्या कडेवर मधोमध रेघ मारायची. गिरमिटाला हव्या त्या खोलीवर दोरा गुंडाळायचा आणि रेघेवर एकाला एक लागून भोके पाडायची. दोरा लाकडाला टेकला की थांबायचे. मग पटाशीने भोकांमधले लाकूड काढून भिंती सरळ करायच्या. पटाशीचा उतार टाकाऊ लाकडाकडे ठेवायचा, म्हणजे खाचेची भिंत उभी राहते. शेवटी कडेची पट्टी बसेल एवढेच पातळ घर कोरायचे. आपल्याकडे वारा खारा, म्हणून काका स्क्रू पितळीच वापरत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा. दाराची मधली आडवी पट्टी उभ्या पट्टीत कुसवाने बसवलेली असते. नेमकी तिथे खाच पाडली तर कुसू तुटते आणि कुलूप बसूनही दार खिळखिळे होते. म्हणून काका आधी दाराचा सांधा शोधत, मग त्याच्या खाली किंवा वर खूण करत. जुन्या सुताराने खाच पाडून कुसू बसवले होते. नव्या खाचेने ते मोडायचे नाही, एवढे भान त्या कामात होते.

शिक्षणाच्या इतिहासात या हातकामाला जागा होती. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. महाराष्ट्रात 1975 साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि लवकरच आपली तुकडी त्या परीक्षेला बसली. आपल्या वेळापत्रकातही कार्यानुभवाचा तास होता. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जायचा, आणि आपण खूश व्हायचो.

काकांचा मुलगा, आपला वर्गमित्र, सातवीनंतर शाळेत दिसला नाही. मी गिरमिट हातात घेतले, तेव्हा त्याने पाडलेल्या खाचांत कुलपे बसून वर्ष उलटले होते. पटाशीला धार लावायला मला काकांनी नव्हे, त्याने शिकवले. भूमितीत गुण मिळवणारा मी, आणि गुण्या लावून काटकोन तपासणारा तो. आपल्या दोघांच्या शिक्षणात फरक होता; एक शिक्षण होते आणि दुसरे नव्हते, असे मात्र नाही.

आता दारे कारखान्यातून खाच पाडूनच येतात, उरलेले काम यंत्र करते. त्याची खंत नाही. जुनी सागवानी दारे मात्र भंगारात जात आहेत. ज्यांच्या घरी ती आहेत, त्यांनी काढण्यापूर्वी निदान त्यांचे सांधे पाहावेत आणि छायाचित्र काढून ठेवावे.

संयोजकांना एक विनंती. या मेळाव्याची यादी दहावीच्या हजेरीपटावरून केली आहे, त्यामुळे त्या मित्राचे नाव तिच्यात नाही. त्याच्यासारखे आणखीही असतील. पुढच्या मेळाव्याची यादी पाचवीच्या हजेरीपटावरून करावी. पत्ते शोधायचे काम मी घेतो.